मातीतील सर्व अन्नद्रव्यांसाठी एकच निष्कर्षक पुरेल का?

धागाकर्ता:
स्फुरदासाठी ओल्सेन, पालाशासाठी अमोनियम ॲसिटेट आणि जस्त-लोहासाठी डीटीपीए अशी वेगवेगळी द्रावणे वापरून एकाच मातीचे तीनदा निष्कर्षण (अन्नद्रव्ये मातीतून द्रावणात उतरवून घेणे) करण्याऐवजी १९८४ साली मांडली गेलेली मेहलिच-३ ही एकाच आम्लधर्मी द्रावणाची पद्धत सरसकट स्वीकारावी, असे माझे मत आहे. डीटीपीएसाठी नमुना दोन तास हलवावा लागतो, इथे पाच मिनिटे पुरतात. शिवाय एकाच गाळलेल्या द्रावणातून आयसीपी यंत्रावर ही सगळी मूलद्रव्ये मोजता येतात.

प्रतिसाद १:
वेळ वाचतो हे मान्य. पण निष्कर्षणातून आपण मातीतला एकूण साठा नव्हे, तर पिकाच्या मुळांना मिळू शकेल त्याचा अंदाज घेत असतो. मेहलिच-३ चा सामू (pH) सुमारे २.५ असतो. चुनखडीच्या मातीवर हे द्रावण ओतताच बुडबुडे येऊ लागतात, म्हणजे आम्ल चुन्यावर खर्च होत असते, आणि उरलेले आम्ल पिकाच्या सहज हाती न लागणारी कॅल्शियम फॉस्फेटेही विरघळवू शकते. ओल्सेन पद्धतीत ८.५ सामूचे सोडियम बायकार्बोनेट आणि डीटीपीए पद्धतीत ७.३ सामू व कॅल्शियम क्लोराइड उगाच ठरवलेले नाहीत. दोन्हींत चुना विरघळू नये याची काळजी आहे.

धागाकर्ता:
मेहलिच-३ मध्ये ॲसेटिक आम्ल असल्याने त्याचा सामू ब्रे या स्फुरदासाठीच्या दुसऱ्या आम्लधर्मी द्रावणाइतका सहज ढळत नाही. आणि ओल्सेन तरी कुठे निर्दोष आहे? खोलीचे तापमान बदलले की आकडा बदलतो. सेंद्रिय पदार्थांमुळे अर्क तपकिरी होतो, म्हणून रंग शोषायला कोळसा घालायचा, आणि त्या कोळशातच स्फुरद असला तर?

प्रतिसाद २:
दोघांच्याही बोलण्यात मोजणीचा मुद्दा सुटतो आहे. तोच अर्क मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगाने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून (रंगमापन) मोजला तर प्रामुख्याने ऑर्थोफॉस्फेट, म्हणजे साधा असेंद्रिय स्फुरद कळतो, तर आयसीपी त्यातला सेंद्रिय स्फुरदही मोजते, त्यामुळे तिचा आकडा सहसा मोठा येतो. रंगमापनाशी आणि शेतातील पीक-चाचण्यांशी जुळवलेल्या जुन्या खतशिफारशींच्या तक्त्यात हा आकडा बसवला, तर प्रयोगशाळेत काहीही न चुकता खताची मात्रा चुकेल.

प्रतिसाद १:
हे पटते. कोळशाचे म्हणाल, तर तो आधी धुऊन घेता येतो, आणि तरीही त्यात स्फुरद उरला असेल तर माती न घालता चालवलेल्या ब्लँकमध्ये तो लगेच दिसतो. आम्लाने मातीतले नको ते किती विरघळवले, हे मात्र कुठल्याच ब्लँकमध्ये दिसत नाही.