मसावि आणि लसावि : दोन्हीतला 'वि' वेगळा आहे हे पोरांना कसं सांगायचं?

परळची ताई :
नमस्कार मंडळी. मी संध्याकाळी आमच्या चाळीतल्या सहावी-सातवीच्या आठ पोरांची गणिताची शिकवणी घेते, अर्धी मराठी माध्यमाची, अर्धी सेमीची. सध्या मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) चाललंय आणि मला राहून राहून वाटतंय की पोरांचं घोडं गणितात अडतच नाहीये, शब्दात अडतंय.

परवा मी उदाहरण घातलं. खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब, चौरस लाद्या बसवायच्यात, एकही लादी कापायची नाही, तर मोठ्यात मोठी लादी केवढी घेता येईल? एका मुलीने मूळ अवयव अगदी नीट पाडले, १० = २ × ५, १२ = २ × २ × ३, आणि उत्तर लिहिलं ६०. मी म्हटलं अगं साठ फुटाची लादी दहा बाय बाराच्या खोलीत कुठे घालशील? तर म्हणते, "ताई, मोठ्यात मोठी विचारलीय ना, म्हणून मसावि २ आणि लसावि ६० यांतलं मोठं घेतलं." तिला महत्तम म्हणजे सगळ्यात मोठा हे पक्कं माहीत होतं, आणि त्या एका शब्दावरच विसंबून ती चुकली.

मग मी सगळ्यांना विचारलं, मसाविमधला वि कशाचा? आठातल्या पाच जणांनी सांगितलं विभाज्य. लसाविमधला? विभाज्य! म्हणजे बघा, म आणि ल वेगळे दिसतात म्हणून सगळं लक्ष मोठा-लहान यावर, आणि खरा फरक ज्या शब्दात आहे, विभाजक आणि विभाज्य, तो संक्षेपात नेमका एकाच 'वि'मध्ये बुडाला. यावर तुम्ही लोक काय करता? आणि हे शब्द मुळात आले कसे, कोणी सांगेल का?

मास्तर दहिसर :
ताई, दुखणं बरोबर ओळखलंत. मी ३० वर्षं पाचवी ते आठवी गणित शिकवलं, हा घोळ दरवर्षी व्हायचा.

विभाजक-विभाज्य ही जोडी मी भक्षक-भक्ष्य यावरून सांगायचो. वाघ भक्षक, हरीण भक्ष्य. 'क' वाला करतो, 'य' वाल्यावर केलं जातं. पूजक-पूज्य, वाचक-वाच्य याही तशाच जोड्या; शोषक-शोषित मात्र नको, ती जोडी वेगळी पडते. भक्षक-भक्ष्य मात्र पोरं जन्मात विसरत नाहीत. ४ आणि १२ फळ्यावर लिहायचे आणि विचारायचं कोण कोणाला खातो? ४ हा १२ ला पुरता खातो, काही उरत नाही, म्हणून ४ विभाजक, १२ विभाज्य.

'उरत नाही' हे आवर्जून सांगा. १७ ला ५ ने भागलं तर ५ हा भाजक आहे, १७ भाज्य आहे, पण बाकी २ उरते, म्हणून ५ हा १७ चा विभाजक नाही. आपल्या शाळेच्या गणितात भाजक म्हणजे ज्याने भागलं तो, आणि विभाजक म्हणजे ज्याने निःशेष भाग जातो तो. हा फरक कितीतरी शिक्षकही गाळतात आणि मग पोर म्हणतं भागाकारात तर कुठलाही आकडा भाजक असतो.

दुसरं, आमच्या लहानपणी 'साधारण' होतं, महत्तम साधारण विभाजक. आता पुस्तकात सामाईक आहे आणि ते फार चांगलं झालं, कारण रोजच्या बोलण्यात साधारण म्हणजे अंदाजे. "साधारण किती वाजता येशील" म्हणणाऱ्या पोराला साधारण विभाजक म्हणजे अंदाजे विभाजक वाटला तर त्याचं काय चुकलं? संक्षेप मात्र तोच राहिला, दोन्ही 'सा'च की.

सेमीवाली आई, मुलुंड :
माझी लेक सेमीला, तिला एचसीएफ आणि एलसीएम. हे वाचून पहिल्यांदा लक्षात आलं की इंग्रजीत शेवटचं अक्षर वेगळं आहे, एकात फॅक्टरचा एफ, दुसऱ्यात मल्टिपलचा एम. म्हणजे तिथे फरक निदान दिसतो तरी! पण खरं सांगते, तीही तसाच घोळ घालते, हायेस्ट म्हटलं की मोठं उत्तर शोधायला जाते. शिवाय इंटरनेटवर कुठे जीसीएफ लिहिलेलं असतं कुठे जीसीडी, ती मला विचारते आई हे अजून दोन नवीन आहेत का. तिला सांगितलं की एचसीएफ, जीसीएफ, जीसीडी आणि आजी म्हणते तो मसावि, चारही एकच.

विक्रोळीकर :
मला एक कळत नाही, विभाज्य हा शब्दच कशाला पाहिजे. सरळ 'पट' म्हणा ना. दुप्पट, तिप्पट पोरांना येतं, सहाच्या पटीतले आकडे म्हणजे सहाचा पाढा. लघुतम सामाईक पट. संपलं.

परळची ताई :
दादा, बोलताना मी पटच म्हणते, पाढे म्हणायला लावते. पण पुस्तकातला आणि पेपरातला शब्द पोरांना यायलाच हवा, नाहीतर घरी येतं आणि परीक्षेत प्रश्नच कळत नाही असं होतं. आणि विभाज्यमध्ये एक सोय आहे, विभाज्यतेच्या कसोट्या त्याच शब्दातून येतात, २ ची, ३ ची, ९ ची, पट म्हटलं की तो धागा तुटतो.

मास्तर, भक्षक-भक्ष्य कालच वापरून बघितलं, तुमचे मनापासून आभार! आणि त्याला जोडून मी एक केलं ते सांगते. पोरांना सांगितलं हे नाव उलट्या बाजूने वाचायचं, शेवटचा शब्द आधी. महत्तम सामाईक विभाजक. पहिल्यांदा विभाजक : १० चे १, २, ५, १०. १२ चे १, २, ३, ४, ६, १२. मग सामाईक, म्हणजे दोघांच्यात असलेले. हा शब्द चाळीत शिकवायला लागतच नाही, सामाईक नळ आणि सामाईक गॅलरी रोजची भांडणाची. तर सामाईक फक्त १ आणि २. सगळ्यात शेवटी महत्तम, या दोनातला मोठा, २. लादी दोन फुटाची. दहा फुटाला पाच, बारा फुटाला सहा, एकूण ३० लाद्या. तीच मुलगी उठून खडूने जमिनीवर चौकोन आखत सुटली आणि म्हणाली ताई बसतात!

मग लसाविला काय घ्यावं? तर खाली वडापाववाल्या काकांची गाडी आहे. त्यांच्याकडे बेकरीतून येते ती पावाची लादी सहा पावांची, आणि कढईत एका घाण्याला आठ वडे सुटतात. (लादी हा शब्द दोन्हीकडे आला बघा, जमिनीची लादी मसाविला आणि पावाची लादी लसाविला, हे पोरांनीच मला दाखवलं!) एकही पाव उरायला नको, एकही वडा उरायला नको, तर कमीत कमी किती वडापाव? पावांची यादी ६, १२, १८, २४, ३०... वड्यांची ८, १६, २४, ३२... २४ ला गाठ पडली. चार लाद्या, तीन घाणे. एक पोरगा म्हणाला ४८ ला पण गाठ पडते, ७२ ला पण. मी म्हटलं बरोबर, संपतच नाहीत, म्हणून तर लघुतम लागतो, सगळ्यात पहिली गाठ.

आणि इथे त्यांना आपोआप कळलं की लघुतम असून आकडा मोठा का. विभाज्य मुळातच सहा आणि आठाच्या खाली जाऊच शकत नाही. विभाजक दहा-बाराच्या वर जाऊ शकत नाही. मोठ्यांच्या रांगेतला लहान तो लसावि, लहानांच्या रांगेतला मोठा तो मसावि.

मास्तर दहिसर :
वा ताई. आता पुढचा प्रश्न विचारा, महत्तम सामाईक विभाज्य का नसतो आणि लघुतम सामाईक विभाजक का कोणी काढत नाही? पहिल्याला अंतच नाही, दुसरा कायम १. पोरं हे स्वतः बोलली की समजा शब्द आत मुरला.

सेमीवाली आई, मुलुंड :
स्पेलिंगचं विचारायचं होतं. लघुतम की लघुत्तम? मला दोन्ही दिसतात. महत्तमला दोन त आहेत मग लघुला का नाही?

मास्तर दहिसर :
लघुतम, एकच त. 'तम' हा प्रत्यय, सगळ्यात जास्त या अर्थाचा. प्रियतम, उच्चतम, लघुतम. महत्तममध्ये दुसरा त आला तो मूळ शब्द 'महत्' असा त् ने संपतो म्हणून, महत् + तम. लघु उकारान्त आहे, त्याच्याकडे द्यायला त् नाहीच. मुंबईकरांना खूण सांगतो, पालिकेच्या नावात बृहन्मुंबई आहे ना, तिथे मूळ शब्द बृहत्, पुढे म आला म्हणून त् चा न् झाला. त्याच बृहत् ला तम लावा, बृहत्तम होईल, दोन त. हिंदीत लघुत्तम समापवर्त्य (म्हणजे आपला लसावि) असं सर्रास छापतात, ते वाचून आपल्याकडेही लिहिलं जातं.

आणि त्या समापवर्त्यवरून आठवलं, ताईंनी शब्द आले कसे विचारलं होतं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत कुट्टकाच्या, म्हणजे समीकरणाची पूर्णांकातली उत्तरं काढायच्या रीतीच्या भागात 'अपवर्तन' आहे. दोन संख्यांनी एकमेकींना भागत जायचं आणि शेवटी जी निःशेष भागते ती बाकी म्हणजे अपवर्तन. आपल्या पुस्तकातली भागाकार पद्धत तीच. १२ ला १० ने भागा, बाकी २, मग १० ला २ ने भागा, बाकी शून्य, झाला मसावि २. आणि त्या अपवर्तनाने भागून ज्या दोन संख्या उरतात त्यांना भास्कराचार्य 'दृढ' म्हणतात. तुमच्या खोलीत १० आणि १२ चे ५ आणि ६ उरले, आपण त्यांना सहमूळ म्हणतो, म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजकच नाही. म्हणजे ताईंच्या पोरीने जमिनीवर आखलेल्या पाच आणि सहा लाद्या म्हणजे ती दृढ जोडी.

विक्रोळीकर :
दृढ, काय शब्द आहे! यापुढे आणखी फुटत नाही असा. पटचा हट्ट सोडला मी. पण एक, माझा भाचा म्हणतो मसावि गुणिले लसावि केलं की दोन संख्यांचा गुणाकार येतो, ते नेहमी चालतं ना?

परळची ताई :
दोन संख्यांना नेहमी चालतं दादा. २ × ६० = १२० आणि १० × १२ पण १२०. ताळा म्हणून मी रोज करून घेते. पण तीन संख्या आल्या की नाही चालत. ६, ८, १२ घ्या, मसावि २, लसावि २४, त्यांचा गुणाकार ४८ आणि तिन्हींचा गुणाकार ५७६. भाच्याला हे नक्की सांगा, पेपरात इथे हमखास मार्क जातात.

मास्तर, दृढचं उद्या पोरांना सांगणार. आणि फळ्यावर मी स्वतः इतके दिवस लघुत्तम लिहीत होते, तो जास्तीचा त आत्ता जाऊन पुसून आले.