वेगळा केलेला कचरा पुढे कुठे जातो? पालिकेकडे हिशेब मागणाऱ्यांचे अनुभव

घरात ओला-सुका वेगळा करायचा आणि घंटागाडीत तो पुन्हा एकत्र पडायचा, ही तक्रार गावोगावची आहे. ‘पालिका काही करत नाही’ इथवर बोलणे येते आणि थांबते. त्यापुढचे काम ज्यांनी केले आहे त्यांच्यासाठी हा धागा. कोणते कागद मागायचे, ते वाचायचे कसे, कुठे अडते आणि अडल्यावर काय करायचे, एवढेच लिहावे. महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत सगळे चालेल. अधिकाऱ्यांची आणि ठेकेदारांची नावे नकोत. लिहिणाऱ्यांची टोपणनावे मजकुराच्या वर आहेत.

नोंदवही

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जापासून करतो, कारण निम्मे अर्ज शब्दरचनेतच मार खातात. ‘कचरा एकत्र का केला जातो?’ असे विचारले की ‘सदर प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते, आणि ते कायद्याला धरून असते. कार्यालयात कागदावर जे आहे तेच मिळते. म्हणून कागदाचे नाव घेऊन मागा:

संकलन व वाहतुकीच्या ठेक्याचा करारनामा, अटी-शर्ती आणि दरपत्रकासह. एका ठरावीक महिन्याच्या वजनपावत्या. त्याच महिन्याचे ठेकेदाराचे देयक आणि त्यातून कापलेला दंड. आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ‘नमुना ४’ वार्षिक अहवाल, जो २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेने दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असे (हे नियम मार्च २०२६ पर्यंत लागू होते).

हे सगळे एकाच अर्जात कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, तीच पुढे करून अर्ज परत येतो. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सला पानामागे २ रुपये. कालावधी ‘गेली पाच वर्षे’ असा लिहाल तर हजारो पानांचे बिल येईल. एक महिना मागा, शक्यतो पावसाळ्यातला एक आणि उन्हाळ्यातला एक.

काटापावती

वर वजनपावत्या आल्या, त्यावर सविस्तर लिहिते. सगळा पैसा तिथेच ठरतो.

बहुतेक जुने ठेके टनामागे दर लावून दिलेले असतात. जितके वजन जास्त तितके बिल जास्त. मग कचरा वेगळा ठेवण्यात, सुका भंगारात जाऊ देण्यात ठेकेदाराचा तोटाच असतो. राडारोडा, माती, पावसात भिजलेला पाचोळा गाडीत चढतो तो याच कारणाने. म्हणून करारनाम्यात आधी दराची अट पाहा: टनावर आहे, घरटी आहे की फेरीवर? मिश्र कचरा आणल्यास दंडाचे कलम आहे का? असले तर देयकात तो एकदा तरी कापला गेला आहे का?

पावतीवर भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन, आत आल्याची व बाहेर पडल्याची वेळ आणि गाडीचा नंबर असतो. सगळे एका तक्त्यात भरा, गाडीनिहाय लावा आणि पुढील गोष्टी शोधा.

रिकाम्या गाडीचे वजन महिनाभर किलोलाही न हलता तेच येत असेल तर गाडी रिकामी तोलली जात नाही, संगणकात जुना आकडा साठवलेला आहे. डिझेल, ड्रायव्हर, तळाला चिकटलेला कचरा यांनी खरे वजन रोज थोडे तरी बदलते. आरसी पुस्तकातले रिकाम्या गाडीचे वजन आणि हा आकडा ताडून पाहा. पावतीवरचा कमी असेल तर तेवढे किलो प्रत्येक फेरीला फुकट बिलात जातात.

एकाच गाडीच्या दोन पावत्यांमधले अंतर पाहा. वॉर्ड ते डेपो जाऊन-येऊन दीड तास लागत असताना ३५ मिनिटांत दुसरी फेरी काट्यावर दिसली, तर त्या दिवसाची जीपीएस नोंद वेगळ्या अर्जाने मागा. नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकला की वाहनाचा प्रकारही कळतो.

निव्वळ वजन गाडीच्या पेटीत मावते का? मिश्र घरगुती कचरा घनमीटरला साधारण ४०० ते ५०० किलो भरतो, सुका त्याच्या निम्माही नाही. दोन घनमीटरच्या पेटीतून ‘सुका – १६०० किलो’ अशी पावती निघाली तर त्यात सुका कचरा नाही.

शेवटचे म्हणजे खुद्द काटा. वजनकाट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी वैधमापनशास्त्र विभागाकडून व्हावी लागते. प्रमाणपत्राची प्रत मागा. तारीख उलटून गेलेली असेल तर त्या मुदतीतल्या प्रत्येक बिलावर हरकत घेता येते, आणि लेखापरीक्षकाला हा मुद्दा चटकन कळतो.

मुळाकाठ

काटापावती ताईंच्या पद्धतीला एक ढोबळ पडताळा जोडा. लहान शहरात माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम, मध्यम शहरात ३०० ते ४००, मोठ्या शहरात ४०० ते ६०० ग्रॅम कचरा धरतात. ५० हजार वस्तीच्या नगरपरिषदेत रोज १० ते १५ टन होईल. आठवडी बाजार, यात्रा धरूनही देयकात रोजचे २८ टन दिसत असतील तर पावत्या बारकाईने पाहाव्यातच.

दुसरे, नमुना ४ वाचताना आवक आणि जावक जुळवा. आवक = तयार खत + विकलेला सुका + सिमेंट भट्टीला गेलेला जळाऊ कचरा + उरलेला रिजेक्ट (कशातच न वापरता येणारा भाग) + ओलाव्याची घट. १०० किलो ओल्यातून १५ ते २५ किलोच खत निघते, त्यामुळे ७५ टक्के ‘गायब’ दिसले म्हणून आरोप करू नका. पण अहवालात ‘१०० टक्के प्रक्रिया’ आणि त्याच वर्षी रिजेक्ट वाहतुकीचे लाखोंचे बिल, ही विसंगती लेखी विचारा. जळाऊ कचऱ्यासाठी घेणाऱ्या कारखान्याची पोचपावती मागा, पाठवणाऱ्याची नव्हे. २०१६ च्या नियमांत पुनर्वापर न होणारा पण किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांकाचा कचरा भूभरावात (लँडफिलमध्ये) टाकायला मनाई होती, तेव्हा ही पोचपावती नसेल तर तो गेला कुठे हा प्रश्न रास्तच ठरतो.

खतखड्डा

पालिका ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ नावाने खत विकत असेल तर विश्लेषण अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली, शिसे किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५ च्या आत हवे. कचरा मिश्र येत असेल तर शिसे आणि काचेचे तुकडे हमखास सापडतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, फक्त कागदांचा नाही. हा हक्क फार कमी लोक वापरतात. सीलबंद नमुना घ्या, पिशवीवर दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, ढिगाचा क्रमांक.

प्रभाग चौदा

सोसायट्यांसाठी. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत आहे. प्रकल्प बंद पडला की सवलत जायला हवी. क्षेत्रीय कार्यालयाकडे सवलत घेणाऱ्या मिळकतींची यादी आणि त्यांच्या पाहणीचे अहवाल मागा. पाहणी न होता सवलत वर्षानुवर्षे चालू राहणे हा थेट महसुलाचा तोटा आहे.

प्रकल्प बंद का पडतात, तेही सांगतो. १०० घरांचा ओला कचरा रोज ४० ते ५० किलो होतो. त्यात कोरडा पाला किंवा कोकोपीट पुरेसे पडत नाही, ढीग ओलागच्च होतो, हवा खेळत नाही आणि वास सुटतो. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले तर कोरडे घाला, पिळूनही ओल जाणवली नाही तर पाणी शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत हात घालवणार नाही इतका ढीग तापला पाहिजे.

जोडपत्र ब

अडवणुकीबद्दल. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. मुदत चुकली की माहिती मोफत द्यावी लागते (कलम ७ (६)), हे अपिलात स्पष्ट लिहा, नाहीतर पानांचे पैसे मागतात. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे वाट फार पाहावी लागते, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा आणि करारनामा दाखवून बोला.

अनेकजण घाईत कलम १८ ची तक्रार करतात. तिच्यावर आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात हे सांगितले आहे. माहिती हवी असेल तर कलम १९ चे अपीलच.

‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून करारनामा नाकारला तर उत्तर सोपे: सही झालेला आणि सार्वजनिक पैशातून देयक निघालेला करार आहे, निविदा उघडून झाली आहे. ड्रायव्हर-मुकादमांची नावे मात्र मागू नका. नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८ (१) (ञ) बदलले आहे, वैयक्तिक माहिती म्हणून सगळा अर्जच फेटाळायला निमित्त मिळते. गाडी नंबर पुरतो.

तळकोकण

ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराआधी ग्रामसभा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचे वर्षनिहाय खर्चाचे तपशील दिसतात. ‘कचरा शेड’, ‘घंटागाडी खरेदी’, ‘शोषखड्डा’ या ओळींचे प्रिंट काढून ग्रामसभेत वाचून दाखवा आणि शेड कुठल्या गट नंबरच्या जमिनीत आहे ते विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय पुढच्या विषयावर जाऊ देऊ नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तिथेच प्रत मागायची.

भंगारमोल

प्लास्टिकचे वेगळे आहे. वेष्टनाच्या कंपन्यांनी पुनर्प्रक्रियेचे प्रमाणपत्र विकत घेऊन जबाबदारी पुरी करायची, अशी २०२२ पासूनची व्यवस्था आहे. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली, त्यात महाराष्ट्रातलेही पुनर्प्रक्रियाकार होते. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्याची प्रमाणपत्रे तपासायची तर राज्य मंडळाकडून त्याच्या संमतिपत्रातली टनांची क्षमता आणि वीजजोडणीचा भार मागा. ५० किलोवॅटच्या जोडणीवर वर्षाला हजारो टन प्लास्टिक वितळत नाही.

आणि पुण्यासारख्या शहरात सुका कचरा वेचकांच्या हातून जातो तिथे हिशेब पालिकेच्या कागदात मावतच नाही. त्यांनी काढलेला पुठ्ठा, पीईटी, लोखंड कोठीवरच भंगारवाल्याकडे जाते, काट्यावर येत नाही. ठेका बदलून या वेचक बायकांना बाजूला सारायचा प्रस्ताव आला की ‘सध्या पुनर्प्रक्रिया किती?’ या रकान्यात शून्य दाखवले जाते. तेव्हा भंगार दुकानांच्या खरेदीवह्या हाच खरा पुरावा आहे, तो आधी गोळा करून ठेवा.

नोंदवही

एक भर. १ एप्रिल २०२६ पासून नवे घनकचरा नियम लागू आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग. जुन्या वर्षांसाठी नमुना ४ च मागा. नव्यासाठी चार स्वतंत्र कप्प्यांच्या गाड्यांची खरेदी झाली का, याचे आदेश मागा.

आणि ज्यांना अर्जाचा महिना थांबायचे नाही त्यांच्यासाठी: नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. जाताना शासन निर्णयाची प्रत न्या, कोणती फाइल हवी ते कागदावर लिहून न्या आणि आवक क्रमांक घ्या. फाइल ‘सापडत नाही’ म्हणाले तर तेवढेच लेखी घ्या. वजनपावत्यांचे गठ्ठे लेखा विभागात देयकाला जोडलेले असतात, घनकचरा विभागात विचारून उपयोग नाही.