नोकरी मिळत नाही म्हणून एम.एस्सी. करावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
गेल्या वर्षी मी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि तेव्हापासून नंदेसरी व मकरपुरा येथील कारखान्यांत अर्ज करीत आहे. दहा महिन्यांत चार मुलाखती झाल्या, पण ‘कळवतो’ यापलीकडे काही हाती लागले नाही. शेवटच्या मुलाखतीत साहेबांनी एचपीएलसीचा (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचा) एक आलेख पुढे ठेवून त्यातल्या शिखराकडे बोट दाखवत विचारले, “हा पीक उजवीकडे शेपटीसारखा का ओढला गेला आहे?” मला सांगता आले नाही. बाबा यंदा निवृत्त होत आहेत. नुसते बसण्यापेक्षा पुढे शिकलेले बरे, असे आई म्हणते. मला मात्र दोन वर्षांनी पुन्हा त्याच फाटकांसमोर उभे राहण्याची भीती वाटते. काय करावे?

उत्तर १
ताई, मी औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात बारा वर्षे काम करीत आहे व मुलाखतीही घेतो. नमुना ज्या नळीतून जातो त्या कॉलममधल्या सिलिकावर उघडे राहिलेले सिलॅनॉल (–OH) गट अमाइनसारख्या आम्लारिधर्मी संयुगांना धरून ठेवतात, त्यामुळे ती रेंगाळत बाहेर पडतात आणि पीकला शेपूट येते. कॉलम जुना झाला तरी हेच दिसते. उमेदवाराने उपकरण स्वतः हाताळले आहे की नाही, हे आम्ही अशाच प्रश्नांवरून ओळखतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि तुम्ही स्वतः किती नमुने इंजेक्ट केलेत, एवढेच विचारा. उत्तर ‘सरांनी करून दाखवले’ असे आले, तर त्या दोन वर्षांनी तुमची ही अडचण सुटणार नाही. संशोधन विभागात संश्लेषणाचे काम करायचे असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी सेंद्रिय रसायनातील एम.एस्सी. मागतात आणि ती मागणी रास्तही आहे.

उत्तर २
दादांच्या म्हणण्यात मी थोडी भर घालते. मी नोकरी नसताना एम.एस्सी. केली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण मला संशोधन व प्राध्यापकीसाठीची नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. मात्र शैक्षणिक कर्ज काढणार असाल, तर हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढते, हे बाबांशी बोलताना लपवू नका. शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांनाही विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. रक्कम थोडी असते, पण उपकरणाला हात लागतो. प्रवेशाची मुदत टळण्याआधी तोही अर्ज करून ठेवा.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. त्या चार जागांपैकी तीन गुणवत्ता नियंत्रणातल्या होत्या, हे आज जाहिराती पुन्हा वाचताना लक्षात आले. सोमवारी विभागात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना इंजेक्शनचे विचारते आणि उमेदवारीचा अर्ज आज रात्रीच भरते.