‘वाडा’ ग्रुप : रोहनदादाचं लॉ आणि आत्याचा हिशोब

नमाआत्या: सगळ्यांना कळवायचंच होतं, पण म्हटलं कागद हातात येऊ दे. रोहनची लॉ स्कूलसाठी निवड झाली. इथल्या अमेरिकन आर्मीकडून. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू.

बाबा: वा वा! अभिनंदन!! सोडली म्हण की शेवटी मिलिटरी.

नमाआत्या: नाही रे दादा. तेच तर. सोडली नाही.

बाबा: मग तीन वर्षं कॉलेजला जाणार कसा? बिनपगारी?

नमाआत्या: पगारी. कॅप्टनचा पगार, घरभाडं, दवाखाना सगळं चालू. फी आर्मी भरणार. कॉलेजला जाणं हीच ड्युटी.

नाशिकची काकू: अभिनंदन रोहन 💐💐 आमच्याकडून पेढे घे

बाबा: म्हणजे फुकटात वकील! इथे मी मृण्मयीची फी भरून मेटाकुटीला आलोय.

मी: बाबा, हा फॅमिली ग्रुप आहे 🙄

बापूआजोबा: सुधीर, फौजेत फुकट काही मिळत नसतं. बाँड किती वर्षांचा ते विचार.

नमाआत्या: शिक्षणाच्या एका वर्षामागे दोन वर्षं, काका. तीन वर्षं शिकला की सहा. आणि ती कॉलेज संपल्यावर मोजायची. आधीचं काही देणं शिल्लक असेल तर ते त्याच्यावर वेगळं.

बाबा: थांब. आत्ता चार झाली ना त्याची? ४ + ३ + ६ = १३.

बाबा: आणि तुमच्याकडे पेन्शन २० वर्षांना. तेरा झाल्यावर उरलेल्या सातांसाठी कोण सोडून जाईल?

नमाआत्या: हाच हिशोब मी काल रात्री दोन वाजता बिलाच्या पाकिटामागे मांडत होते.

बाबा: म्हणजे आपल्या पुण्याच्या मिलिटरी मेडिकल कॉलेजसारखंच, एएफएमसीसारखंच की. शिका सरकारी पैशाने, मग सेवा करा.

मी: बाबा, फरक आहे. एएफएमसीला बारावीची मुलं जातात. हे आधीपासून फौजेत असलेल्यांसाठी आहे. नाव फंडेड लीगल एज्युकेशन प्रोग्राम, तिकडे नुसतं ‘फ्लेप’ म्हणतात. मी दादाला गेल्या महिन्यात खोदून खोदून विचारलंय, म्हणून सांगते. अधिकारी असेल तर नोकरीची किमान दोन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं झालेली हवीत, हुद्दा कॅप्टन किंवा त्याखालचा. म्हणजे दार उघडतं आणि चार वर्षांत बंदही होतं. आर्मीत एका वर्षी जास्तीत जास्त २५ जण. ही मर्यादा थेट कायद्यातच लिहिलीय. एअर फोर्सला वेगळे २५, नेव्हीच्या खात्याला वेगळे.

बाबा: एवढ्या मोठ्या आर्मीत २५??

मी: हो. त्यात एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा, वरिष्ठांच्या शिफारशी, आर्मीच्या वकील अधिकाऱ्यासमोर मुलाखत, आणि लॉ स्कूलमध्ये प्रवेश स्वतःच्या मार्कांवर. आर्मी फी भरते, चिठ्ठी देत नाही.

मी: आणि हा कायदा १९७३चा. त्याच वर्षी अमेरिकेत सक्तीची लष्करभरती थांबली. सक्ती होती तोवर फौजेला वकील मिळायला अडचण नव्हती. बोलावणं येणारच असेल तर खंदकात जाण्यापेक्षा टेबलामागे गेलेलं बरं, असा हिशोब करून पोरं यायची. सक्ती गेली आणि बाहेर तिप्पट पैसे कमावणारा वकील फौजेत कशाला येईल? मग आपल्यातल्याच कोणाला तरी शिकवू, असं ठरलं.

बापूआजोबा: शाब्बास. मुद्देसूद.

माईआजी: मला कोणी वाचून दाखवेल का. चष्मा सापडत नाही. हे रश्मी लिहितेय.

नाशिकची काकू: माई, चष्मा देव्हाऱ्यात बघा

बापूआजोबा: आपल्याकडे उलटी वाट आहे. आधी एलएलबी, मग एसएसबी म्हणजे फौजेची निवड चाचणी, मग वर्दी. वकिलाला फौजी करायचा. तिकडे तोही रस्ता आहेच, शिवाय फौजीला वकील करायचा हा दुसरा. मला दुसरा जास्त पटतो, कारण सांगतो. मी जनरल कोर्ट मार्शलवर, म्हणजे फौजेच्या कोर्टावर, मेंबर म्हणून बसलोय. किमान पाच अधिकारी लागतात. कायदा शिकलेला त्यात एकही नसला तरी चालतं, म्हणून शेजारी जज ॲडव्होकेट बसतो आणि कायदा समजावतो. आमच्या वेळचा ॲडव्होकेट हुशार होता, पण गार्ड ड्युटी मध्यरात्री बदलते तेव्हा प्रत्यक्षात काय होतं, रजिस्टर कोण भरतं, सही सकाळी कशी मागाहून होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळी केस त्या सहीवर होती. आम्हा पाचांना ते न सांगता कळत होतं. लंच ब्रेकमध्ये मीच त्याला रजिस्टर आणून दाखवलं.

बाबा: काका, हे चालतं?

बापूआजोबा: चालत नाही. म्हणून आज ३० वर्षांनी सांगतोय.

मी: 😂😂

बापूआजोबा: मृण्मयी, कामठीला ये एकदा. इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. आत सोडणार नाहीत, पण गेट तरी बघ.

नमाआत्या: खरं सांगू का सगळ्यांना. मी अजून त्याला धड अभिनंदन म्हटलेलं नाही. मागच्या दिवाळीत तो म्हणाला होता, पाच वर्षं झाली की बाहेर पडेन, इथे न्यू जर्सीला नोकरी बघेन. मी वरची खोली रंगवूनसुद्धा घेतली. आता म्हणतो, आई, लॉ केलं तर जर्सीतच वकील होईन म्हणालो होतो ना, वकील होतोय. जर्सीचं तेवढं राहिलं.

बाबा: बाहेर पडून स्वतःच्या पैशाने केलं असतं तर?

नमाआत्या: नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला ७०,००० डॉलरच्या वर आहे, दादा. राहणं-खाणं वेगळं. आमच्या ओळखीत एका मुलीच्या डोक्यावर एवढं कर्ज आहे की लग्न ठरवताना आधी तो आकडा सांगावा लागला.

मी: आत्या, पण जीआय बिलवर, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या सरकारी योजनेवर, झालं असतं ना? बाहेर पडल्यावर सरकारी विद्यापीठाची राज्यातली पूर्ण फी, ३६ महिने. लॉ स्कूलची तीन वर्षं म्हणजे महिने धरले तर २७.

रोहनदादा: झालं असतं. आता मीच लिहितो. मराठीत टाइप करतोय, चुका काढू नका.

बाबा: या वकीलसाहेब!!

रोहनदादा: अजून नाही मामा. जीआय बिलवर फी सुटते आणि राहायला भत्ता मिळतो, पण पगार थांबतो. आणि फ्लेपने गेलो तर ते ३६ महिने तसेच राहतात. पुढे अटी पूर्ण केल्या तर बायकोमुलांच्या नावावर करता येतात.

नाशिकची काकू: बायको??

नमाआत्या: हो, बायको?

रोहनदादा: कायद्यात तसं लिहिलंय म्हणून लिहिलं. शांत.

रोहनदादा: आईला खरं कारण सांगितलंय, तुम्हालाही सांगतो. माझ्या कंपनीत १९ वर्षांचा एक मुलगा होता. बारा महिन्यांचा भाडेकरार, पाच महिने झालेले, आणि त्याला कोरियाची ऑर्डर आली. घरमालक म्हणाला, उरलेल्या सात महिन्यांचं भाडं दे, नाहीतर कोर्टात खेचतो. मुलगा माझ्यासमोर उभा, हातात करार, प्रत्येक पानावर स्वतःची आद्याक्षरं, एकही पान वाचलेलं नाही. मी त्याला घेऊन आर्मीच्या लीगल असिस्टन्सच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कॅप्टनने तीन प्रश्न विचारले आणि एक पानाचं पत्र लिहिलं. बदलीची ऑर्डर आली तर सैनिकाला करार मोडता येतो, तसा केंद्राचाच कायदा आहे. लेखी नोटीस, सोबत ऑर्डरची प्रत. पुढच्या भाड्याच्या तारखेनंतर ३० दिवसांनी करार संपला. डिपॉझिटही आलं.

रोहनदादा: तिच्या टेबलावर तोफेशेजारचा जुना फोटो होता. मी विचारलं. म्हणाली, आधी आर्टिलरीत होते, फ्लेपने इकडे आले. मी घरी जाऊन त्याच रात्री एलसॅटचं पुस्तक मागवलं.

बापूआजोबा: 🫡

बाबा: बरं, मग तीन वर्षं मजा! उन्हाळ्याची सुट्टी आहेच.

रोहनदादा: सुट्टी नाही मामा. उन्हाळ्यात वर्दी घालून जवळच्या आर्मीच्या लीगल ऑफिसात हजर व्हायचं, काम शिकायला. बाकीची मुलं मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप करतील, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पगार घेतील, आणि मी मृत्युपत्रं टाइप करत असेन. मग बार एक्झाम. कुठल्याही एका राज्याची सनद पुरते, आर्मीत तेवढ्यावर जगभर काम करता येतं. त्यानंतर व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला आर्मीच्या स्वतःच्या लीगल स्कूलमध्ये.

मी: दादा, फक्त अधिकाऱ्यांनाच आहे का? तुझा तो सार्जंट विचारत होता म्हणालास.

रोहनदादा: कायदा बदलला नंतर. सार्जंटलाही येतं आता, चार ते आठ वर्षं नोकरी झालेली हवी. पण आधी पदवी हवी, तिथे तो अडला. रात्रीचं कॉलेज करतोय. दोन मुलं आहेत त्याला. मला त्याचं जास्त कौतुक वाटतं.

मी: आता माझंही सांगून टाकते, बाबा ओरडायच्या आत. मी जॅगचा, म्हणजे फौजेच्या वकील शाखेचा, फॉर्म भरणार आहे. आपल्या इथल्या आर्मीचा.

बाबा: काय???

मी: एलएलबीला ५५ टक्के हवेत, ते आहेत. वय २१ ते २७. क्लॅट पीजी ही कायद्याची परीक्षा डिसेंबरमध्ये दिली. मग एसएसबीचे पाच दिवस, आणि निवड झाली तर चेन्नईला ओटीए या ट्रेनिंग अकादमीत. पूर्वी मुलींना जागाच कमी असायच्या, एका जाहिरातीत मुलांना सहा आणि मुलींना तीन. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं. आता गुणवत्ता यादी एकच.

बाबा: आणि माझी पाच वर्षांची फी?

बापूआजोबा: सुधीर, फोन बाजूला ठेव. पाणी पी. मग मला फोन कर.

नमाआत्या: दादा, ये या बाजूला. वरच्या खोलीचा रंग दाखवते तुला.

माईआजी: चष्मा सापडला. देव्हाऱ्यातच होता. सगळं वाचलं. रोहन बाळा, म्हणजे तीन वर्षं बंदूक नाही ना हातात?

रोहनदादा: नाही आजी. पुस्तकंच.

माईआजी: मग बरं. आणि वकील झालास की आधी आपल्या वाड्याच्या केसचं बघ. तळमजल्याचा भाडेकरू १९८८ पासून हलत नाहीये.

रोहनदादा: आजी, मला पुण्याच्या कोर्टात उभं राहता येणार नाही.

माईआजी: मग एवढं शिकून काय उपयोग. मृण्मयी, तारीख कधी आहे गं?

मी: १४ तारखेला, आजी. साडेदहाला. मी जाते.