मदत हवी आहे : 'राइझ' की 'रेझ'? वर जाण्याच्या इंग्रजी क्रियापदांचा गोंधळ

ओळंबा
आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेतल्या पहिल्या लेखनप्रश्नाची तयारी चालू आहे (आलेखाचं किमान 150 शब्दांत वर्णन, साधारण 20 मिनिटांत). 'वाढलं, चढलं, वर गेलं' यासाठी कुठलं क्रियापद घ्यायचं यातच वेळ जातो. खालची वाक्यं चूक ठरली, पण कारण कळलं नाही.

1. द प्राइसेस वेअर रिझन इन 2022.
2. द रेपो रेट रेझ्ड 2.5 पर्सेंट.
3. देअर वॉज अ राइझ ऑफ पॉप्युलेशन.

शिवाय अराइझ, असेंड, क्लाइम, सोअर, लिफ्ट हे कुठे वापरायचे? समानार्थी शब्दांच्या याद्या भरपूर मिळाल्यात. फरक ओळखायचा कसा, ते हवं आहे.

शब्दखूण
इंग्रजी बाजूला ठेवा आणि आधी वाक्य मराठीत म्हणा. उठणे-उठवणे, चढणे-चढवणे, वाढणे-वाढवणे ही जोडी आपल्या तोंडात बसलेली आहे. 'राइझ' म्हणजे पहिलं रूप, 'रेझ' म्हणजे 'व' लागलेलं दुसरं. पाणी वाढलं : द वॉटर रोझ. दरवाजे वर उचलले : दे रेझ्ड द गेट्स. धरणाचं पाणी आपण होऊन चढतं, दरवाजे कुणीतरी वर घेतं. 'रेझ'ला कर्म लागतंच, 'राइझ'ला ते कधीच चालत नाही.

रूपं पाठ करा : राइझ-रोझ-रिझन आणि रेझ-रेझ्ड-रेझ्ड. 'राइझ्ड' नावाचं रूप इंग्रजीत नाही.

म्हणून तुमचं पहिलं वाक्य कोसळतं. 'भाव वाढले गेले' असं आपण म्हणत नाही, 'वाढवले गेले' म्हणतो. इंग्रजीतही अकर्मक क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होत नाही. 'प्राइसेस रोझ इन 2022' लिहा. कुणी मुद्दाम वाढवले असं सांगायचं असेल तर 'वेअर रेझ्ड'. 'हॅव रिझन इन 2022' मात्र नको, कारण संपलेलं साल दिलं की साधा भूतकाळच येतो. 'सिन्स 2022' असेल तर 'हॅव रिझन'.

ही जोडी इंग्रजीत एकटी नाही. सिट-सेट (बसणे-बसवणे) आणि लाय-ले (आडवं होणे-आडवं ठेवणे) याच घडणीच्या. 'राइझ' जुन्या इंग्रजीतला, 'रेझ' स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, पण दोन्हींचं मूळ एकच.

टक्काटोणपा
दुसऱ्या वाक्यात तीन चुका आहेत. क्रियापदाची वर सांगितली तीच : दर 'रोझ', रिझर्व्ह बँकेने तो 'रेझ्ड'. दुसरी, 'बाय' राहिला. तिसरी सर्वांत महाग : रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते तो) मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला. ही वाढ 2.5 टक्के नाही, 2.5 टक्केबिंदू आहे, म्हणजे 'पर्सेंटेज पॉइंट्स'. टक्क्यांत मोजाल तर 4 वर 2.5 म्हणजे 62.5 टक्के वाढ. आलेखाचा अक्षच टक्क्यांत असेल तेव्हा ही चूक हमखास होते.

शब्दयोगी असे लागतात : किती वाढलं ते 'बाय', कुठवर पोचलं ते 'टु', कुठून निघालं ते 'फ्रॉम'. 'रोझ बाय 20' आणि 'रोझ टु 20' यांत एका शब्दाचा फरक आहे आणि आकडा साफ बदलतो.

नाम वापरलंत की नियम फिरतो. कशात वाढ, तर 'इन' : अ राइझ इन पॉप्युलेशन. किती वाढ, तर 'ऑफ' : अ राइझ ऑफ 20 पर्सेंट. तुमचं तिसरं वाक्य इथे चुकलं. 'राइझ ऑफ' पुढे वस्तू आली की अर्थ 'उदय' होतो, जसं मराठा सत्तेचा उदय.

अडलात तर 'इन्क्रीस' घ्या. तो वाढणे आणि वाढवणे, दोन्ही अर्थांनी चालतो. पण चार ओळींत चारदा आला तर शब्दसंपत्तीचे गुण जातात.

झंकार
उच्चारावर थोडं, कारण बोलण्याच्या परीक्षेत हेच अडतं. 'राइझ'च्या शेवटी 'झाड'मधला झ येतो. तिथे स म्हटलात तर ऐकणाऱ्याला तांदूळ ऐकू येतो. 'रिझन'मधला रि ऱ्हस्व. 'क्लाइम'च्या स्पेलिंगमधला शेवटचा बी मुका, भूतकाळातही 'क्लाइम्ड'. 'इन्क्रीस' नाम असेल तर जोर 'इन'वर, क्रियापद असेल तर 'क्रीस'वर. आणि 'रेझ' लिहिताना स्पेलिंग आर-ए-आय-एस-ई. आर-ए-झेड-ई लिहिलंत तर उच्चार तोच राहतो, पण अर्थ होतो जमीनदोस्त करणे.

शब्दखूण
बाकीच्या शब्दांचं आता. 'अराइझ' अमूर्ताचा : अडचण, प्रश्न, गरज, वाद उद्भवतो. आपलं 'उद्भवणे' बसत असेल तिथेच तो बसतो. धूर, पाणी, भाव यांना लावू नका. रूपं अराइझ-अरोझ-अरिझन.

'असेंड' भारदस्त आहे. सिंहासन, शिखर यांच्यासाठी ठीक. आलेखात मात्र परका वाटतो. त्याचं नाम 'असेंट' : 29 मे 1953 ची एव्हरेस्टची पहिली यशस्वी चढाई म्हणजे 'द फर्स्ट असेंट ऑफ एव्हरेस्ट'. हाच उच्चार संमती या अर्थाच्या शब्दाचाही आहे, स्पेलिंग वेगळं, तेव्हा जपून. 'असेंड अप' लिहू नका, 'वर' त्यात आधीच आहे.

'क्लाइम'मध्ये टप्प्याटप्प्याने, नेटाने चढणं आहे. कळसूबाईच्या शिड्या 'क्लाइम' करतात, आणि वर्षानुवर्षं हळूहळू चढणाऱ्या आकड्यालाही तो शोभतो. पण आपल्या 'चढणे'वर विसंबू नका. बसमध्ये चढणं 'गेट ऑन', गाडीत बसणं 'गेट इन', ताप चढणं 'टेंपरेचर वेंट अप'.

'सोअर' हा उंच झेपावणाऱ्या पक्ष्याचा शब्द. आकडा थोड्या काळात खूप वर गेला तरच घ्या. 40 चे 42 झाले तर 'रोझ स्लाइटली' किंवा 'एज्ड अप'. 'सर्ज' लाटेसारखी एकाएकी आलेली वाढ दाखवतो.

'लिफ्ट' म्हणजे धरून उचलणं. बंदी उठवणं 'लिफ्ट द बॅन', इथे 'रेझ' चालत नाही. वेढा उठवताना मात्र 'लिफ्ट'सोबत 'रेझ द सीज'ही चालतं. 'उठवणे' आपल्याकडे दोन्हीकडे तेच राहतं, इंग्रजीत क्रियापद बदलू शकतं, म्हणून हे दोन वेगळे पाठ करा. 'रेझ'चे आणखी ठरलेले जोड : प्रश्न उपस्थित करणं, शंका घेणं, निधी उभारणं, मुलं वाढवणं.

टक्काटोणपा
पगारवाढीला ब्रिटनमध्ये 'राइझ', अमेरिकेत 'रेझ'. दोन्ही बरोबर, पण एका उत्तरात एकच धरा. आपल्या वर्तमानपत्रांतला 'हाइक' आलेखाच्या वर्णनात टाळलेला बरा.

ओळंबा
करून पाहिलं, तपासाल का?
'द वॉटर लेव्हल रोझ टु 90 पर्सेंट ऑफ कपॅसिटी, सो द गेट्स वेअर रेझ्ड बाय टू फीट. अ राइझ इन इनफ्लो हॅड अरिझन आफ्टर हेवी रेन.'

शब्दखूण
पहिलं वाक्य पक्कं. दुसऱ्यात वाढ 'उद्भवली' असं झालं आहे, शिवाय 'राइझ' आणि 'अरिझन' एकमेकांना खेटलेत. असं लिहा : 'इनफ्लो हॅड रिझन शार्पली आफ्टर हेवी रेन.'