पोरांना ऑनलाइनचं कळत नाही, का आपल्यालाच कळत नाही?

होटगीरोडची आई: मागच्या आठवड्यात मुलीच्या मैत्रिणीचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं. नववीतली पोरगी, ओळखीच्याच नंबरवरनं मेसेज आला की चुकून तुझ्याकडं 6 आकडी कोड आलाय तो पाठव, हिनं पाठवला, तो तिच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा लॉगिन कोड निघाला, अन् तासाभरात तिच्या नावानं अख्ख्या वर्गाकडं पैसे मागणं सुरू. 2023 चा डेटा संरक्षण कायदा पण 18 च्या आतल्याला मूलच धरतो, त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते म्हणतो. मग फोनचा पासवर्ड आईबापाकडं असला तर बिघडलं काय?

अकरावीतला: काकू, नाही पटलं. पासवर्ड तुमच्याकडं असता तरी तिनं कोड दिलाच असता. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं असतं तर नुसत्या कोडवर काम भागलं नसतं, वेगळा पिन लागतो. आणि आमची माहिती बाहेर काढतंय कोण? माझा दहावीचा निकाल लागला तर बाबांनी लगेच मार्कशीट तीन ग्रुपवर टाकली, सीट नंबर, आईचं नाव सगळं. मला कुणी विचारलं?

सातरस्ता_नेटकॅफे: पोरगं बरोबर बोलतंय. अ‍ॅडमिशनच्या सीझनला पालकच आधारची पीडीएफ माझ्या कॉम्प्युटरवर सोडून जातात, मी रात्री सगळं डिलीट मारतो पण सगळीकडं मारतात असं नाही. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं अन् जन्मसाल, आणि ते तर वाढदिवसाच्या स्टेटसवरच असतंय. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार द्या की, शेवटचे 4 आकडेच दिसतात.

क्लासवाले सर: सेटिंग येणं आणि शहाणपण असणं वेगळं. माझ्या बॅचमधल्या एकानं गेमच्या फुकट डायमंडसाठी लिंकवर आयडी-पासवर्ड भरला, अकाउंट गेलं, घरी मार बसेल म्हणून पंधरा दिवस गप्प. पैसे गेले असतील तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो, तिथं पंधरा दिवस घालवून कसं चालेल? म्हणून लक्ष ठेवायलाच पाहिजे.

अकरावीतला: सर, तो गप्प बसला तो माराच्या भीतीनं ना? मग अजून कडक वागल्यावर तो बोलेल का?

होटगीरोडची आई: मार्कशीटचं मान्य, आमच्याकडनंपण गेलीय, आज काढायला सांगते. पण पासवर्ड मी सोडणार नाही.

अकरावीतला: ठेवा काकू. फक्त चॅट वाचू नका. आणि आज तिच्याजवळ बसून टू-स्टेप लावा, पिन तिलाच ठरवू द्या.