फील्ड म्युझियममधली झाकलेली कपाटं आणि 'कलाकार अज्ञात'

सावनी_शिकागो
फेब्रुवारी २०२४ मध्ये आईला शिकागोचं फील्ड म्युझियम दाखवायला नेलं होतं. नेटिव्ह अमेरिकन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तूंची काही कपाटं चक्क झाकलेली. आई म्हणाली, "एवढ्या लांबून आले आणि पडदे बघायचे?" मला काही सांगता आलं नाही. हे झाकायचं कोण ठरवतं? आणि काय मांडायचं, ते त्या समाजातल्या बायका ठरवतात असं कुठे बघायला मिळेल?

दगडूशेठ_नातू
अमेरिकेत १९९० चा कायदा आहे, नाग्प्रा. अस्थी, दफनातल्या आणि पवित्र वस्तू ज्यांच्या त्यांना परत करायच्या. जानेवारी २०२४ पासून नवे नियम लागू झाले: अशा वस्तू मांडण्याआधी त्या जमातीची संमती हवी. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने तर दोन अख्खी दालनं बंद केली.

मृण्मयी
सावनी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. मी स्वतः मातीकाम करते, त्यामुळे हा विषय फार जवळचा.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन म्युझियम) प्वेब्लो लोकांच्या, म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या मूळ समाजांच्या, मडक्यांचं 'ग्राउंडेड इन क्ले' हे प्रदर्शन बघितलं. साठहून जास्त जणांनी, बहुतेक प्वेब्लो समाजातल्याच, एक-दोन भांडी निवडलेली आणि त्यांबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. ही मडकी चाकावर होत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, मग गुळगुळीत दगडाने घोटायचं. पाण्याच्या घड्यांना बुडाशी आत वळलेला खळगा असतो, डोक्यावर नीट बसावा म्हणून. आपल्याकडे चुंबळ करतं ते काम इथे घड्याचं बूडच करतं! काचेबाहेरून खळगा दिसत नाही. घरात असा घडा वापरलेल्या बाईला तो सांगावा लागत नाही. म्हणून निवडणारी कोण, हे मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

मेटची स्थापना १८७० ची. नेटिव्ह अमेरिकन कलेसाठी पूर्णवेळ क्युरेटर (काय मांडायचं, कसं मांडायचं ते ठरवणारी) आली २०२० मध्ये, पॅट्रिशिया मारोक्विन नॉर्बी, प्युरेपेचा (मेक्सिकोतला एक मूळ समाज) वंशाच्या. दीडशे वर्षं लागली.

त्याआधी २०१९ मध्ये मिनियापोलिसला 'हार्ट्स ऑफ अवर पीपल' हे प्रदर्शन झालं, फक्त नेटिव्ह स्त्री कलाकारांचं. दोन क्युरेटरांपैकी एक टेरी ग्रीव्ह्ज कायोवा जमातीची, स्वतः मणीकाम करणारी. उंच टाचांच्या कॅनव्हास बुटांवर मणी विणते. मणीकाम, टोपल्या, मडकी, म्युझियममधलं कितीतरी काम बायकांच्या हातचं, आणि खाली पाटी काय? 'कलाकार अज्ञात'. नाव कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही हो. घेणाऱ्याने विचारलंच नाही.

डहाणूकर_मास्तर
मृण्मयीताई, आमच्याकडे वारली समाजातही तेच. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणत असते. वारली चित्रं फ्रेममध्ये गेली तेव्हा पुरुषांची नावं तरी आली. भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी आता आपापल्या आजीचं नाव चित्राखाली लिहायला लावतो.

सावनी_शिकागो
सर्वांचे आभार. आईला वाचून दाखवलं. चुंबळीपाशी थांबवून तिने तेवढं परत वाचायला लावलं. फील्डमध्येच २०२२ पासून 'नेटिव्ह ट्रुथ्स' दालन आहे, नेटिव्ह लोकांना बरोबर घेऊन केलेलं. रविवारी तिथे जातोय. घडा असला तर आई वाकून बूड बघणार म्हणतेय.